कमावत्या वयातले दात : पालघर, बोईसर, तारापूर

दाढ ठणकायला लागली की माणसाला दात आठवतात. बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्या असोत, सातपाटी-मुरब्याचे कोळीवाडे असोत की जव्हार-मोखाड्याचे पाडे, या बाबतीत फारसा फरक नाही. पहिल्या रात्री लवंग दाबायची, दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून वेदनाशामक आणि अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणायच्या, ठणका उतरला की गोळ्या बंद करून कामावर जायचे. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. शेवटी गाल सुजून डोळा मिटायला आला की दवाखाना गाठायचा. तोवर दाताच्या आतली नस मेलेली असते, मुळाशी पू साठलेला असतो आणि डॉक्टरांच्या हाती दोनच उपाय उरतात : रूट कॅनल करून वर कॅप बसवणे किंवा दाढ काढून टाकणे. पहिल्याला काही खेपा आणि काही हजार रुपये लागतात, दुसऱ्याला एकच खेप पुरते. रोज बुडवून आलेला माणूस त्यातले काय निवडेल हे उघड आहे.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात एका टोकाला वसई-विरारची शहरी दाटी आहे, दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि मध्ये किनाऱ्यालगत तारापूर. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली इथेच सुरू झाले आणि पुढे त्याच्या शेजारी एमआयडीसी पसरली. रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नाना कारखाने इथे आहेत. जिल्ह्याच्या आरोग्याबद्दल बोलणे निघते ते कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू, कारखान्यांतले स्फोट आणि प्रदूषण यांवर. हे विषय मोठेच आहेत. पण त्यांच्या सावलीत एक साधी गोष्ट कायम राहून जाते. शाळकरी मुलांचे दात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक निदान पाहून तरी जाते. म्हातारपणी घरचे लोक कवळीची सोय करतात. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत, म्हणजे माणूस कमावतो, राबतो, मुले वाढवतो त्या वयात, त्याच्या तोंडात कोणीही डोकावत नाही. आणि दात जातात ते नेमके याच वयात.

दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर मुखआरोग्याची पाहणी केली होती. ती जुनी झाली असली तरी तिच्याइतकी व्यापक पाहणी आपल्याकडे विरळाच. तिच्यात ३५ ते ४४ या वयोगटातील सुमारे ८० टक्के लोकांच्या दातांना कीड आढळली आणि जवळपास ९० टक्के लोकांत हिरड्यांचा कोणता ना कोणता आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही विकार आहे. इतक्या सर्रास आढळणाऱ्या गोष्टीला लोक आजार मानत नाहीत, वय मानतात. ‘चाळिशी आली, आता दात हलणारच’ हे वाक्य पालघरच्या बाजारात जितक्या सहज ऐकू येईल तितक्याच सहज मुंबईच्या एखाद्या ऑफिसातही. ते खरे नाही. वयाने केस पिकतात. दात हलतात ते हिरड्यांच्या आजाराने.

हा आजार कसा चालतो हे दोन अभ्यासांनी लख्ख दाखवले. दोन्हींच्या मागे एकच माणूस होता, नॉर्वेचा हाराल्ड लो. त्याने १९६५ साली डेन्मार्कमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण थांबवायला सांगितले होते. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केले आणि आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरडीचा पहिला आजार चिकट जंतुथरामुळे होतो आणि तो थर काढला की बरा होतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

दुसरा अभ्यास आपल्या अधिक जवळचा आहे. श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांतले ४८० पुरुष मजूर १९७० पासून पंधरा वर्षे तपासले गेले. ते दात घासत नव्हते, दंतवैद्य त्यांनी पाहिलेला नव्हता आणि त्यांच्या दातांना कीड जवळपास नव्हतीच. तरीही त्यांचे दात गेले. ११ टक्के लोकांत आजार हिरडीच्या सुजेपुढे सरकला नाही, ८१ टक्क्यांत तो सावकाश वाढत गेला आणि ८ टक्क्यांत इतक्या वेगाने की पंचेचाळिशीपर्यंत तोंड पार बोडके झाले. दात किडलेला नाही म्हणजे सुरक्षित आहे, हा समज हा अभ्यास मुळातूनच खोडून काढतो. शिवाय त्यात आणखी एक गोष्ट आहे. एकाच मळ्यात, एकाच खाण्यावर राहणाऱ्या लोकांत काहींचे दात टिकले आणि काहींचे झरझर पडले. ‘आमच्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही, तरी नव्वदीत ऊस खायचे’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. आजोबा त्या ११ टक्क्यांतले होते. नातू कोणत्या गटात पडेल ते आधी सांगता येत नाही.

आरशासमोर उभे राहून खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू, जिभेकडची, जिभेच्या टोकाने चाचपून पाहावी. बहुतेकांना तिथे खरखरीत, दगडासारखा थर लागतो. लाळग्रंथीचे तोंड जिभेखाली तिथेच उघडते. लाळेतले कॅल्शियम जंतुथरावर बसून घट्ट होते आणि कीटण तयार होते. ब्रशने ते निघत नाही. खरखरीत पृष्ठभागावर नवे जंतू सहज चिकटतात, हिरडी दातापासून सुटते, खाच पडते आणि त्या खाचेत हाड झिजत जाते. झाडाच्या बुंध्याभोवतालची माती पावसाने वाहून जावी तसे ते हाड सरकते, आणि एकदा गेलेले हाड बहुधा परत येत नाही. या सगळ्यात दुखत काहीच नाही. घासताना थुंकीत रक्ताची छटा दिसते, सकाळी तोंडाला वास येतो, पुढच्या दातांमध्ये फट पडते. रक्त आले की माणूस तिथे घासायचे सोडतो, आणि थर काढायची गरज सगळ्यात जास्त नेमकी तिथेच असते.

दात साफ करून घेतल्याने ढिले होतात, हा समज फार खोलवर रुजला आहे. स्केलिंगनंतर काही दिवस थंड पाणी सळसळते आणि दातांमधल्या फटी अचानक मोठ्या वाटतात, हे खरे. पण त्या फटी आधीच पडलेल्या असतात. कीटणाने त्या बुजवलेल्या होत्या आणि हलणाऱ्या दातांना ते कीटणच एकमेकांशी जखडून ठेवत होते. सूज उतरली की हिरडी पुन्हा दाताला घट्ट धरते. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीतीही निराधार आहे. दाढेच्या मुळांचा डोळ्याच्या नसेशी संबंध नाही.

आता तंबाखू. या पट्ट्यातल्या दातांबद्दल लिहायचे तर इथे थांबावेच लागते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यांतले विडी-सिगारेट ओढणारे थोडे. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाणच २४.४ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखू मुख्यतः तोंडातच राहतो : चुना लावून मळलेली, उत्तरेकडून आलेल्या कामगारांची खैनी, मावा, गुटखा, आणि बायकांची मशेरी. नाईट शिफ्टमध्ये झोप मारायला बार भरायचा, बोटीवर दोन-चार दिवस काढताना भूक मारायला भरायचा, भातलावणीच्या चिखलात कंबर दुखते म्हणून भरायचा. कारण खरे असते, थकवा खरा असतो. म्हणून नुसत्या रागावण्याने हे सुटत नाही.

मशेरीचे प्रकरण वेगळे आणि जास्त काळजीचे आहे. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा आणि बोटाने दाता-हिरड्यांवर चोळायचा. बाई त्याला व्यसन म्हणत नाही, दात घासणे म्हणते. सुरुवात बऱ्याचदा दाढदुखीने होते. कोणीतरी सांगते, मशेरी लाव, ठणका थांबेल. निकोटिनने थोडा वेळ बधिरपणा येतो, बरे वाटते, मग सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, काम संपल्यावर एकदा असे सुरू होते आणि मशेरी लावल्याशिवाय शौचाला होत नाही असे म्हणण्यापर्यंत पोचते. दात घासायच्या पेस्ट आणि पावडरीत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावरच्या मशेरीपर्यंत तो कायदा पोचत नाही. मुंबईत गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकींची सवय मशेरीचीच होती, आणि त्यांच्या बाळांचे वजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. ज्या जिल्ह्यात बाळाचे वजन हा आरोग्यसेवेचा रोजचा घोर आहे, तिथे आशाताईने गरोदर बाईला मशेरीबद्दल विचारणे हे लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारण्याइतकेच गरजेचे आहे.

तंबाखू ठेवतात त्या जागी काय होते ते उजेडात पाहिले की सांगावे लागत नाही. खालचा ओठ पुढे ओढला की हिरडीची कड दातावरून खाली सरकलेली दिसते. मुळाचा पिवळसर भाग उघडा पडलेला असतो, त्याला थंड-गरम काहीच सोसत नाही. शेजारची ओठाची आतली कातडी गुलाबी नसते. ती पांढरट, सुरकुतलेली आणि बोटाला जाडसर लागते. पुसली तरी तो पांढरा डाग निघत नाही. प्रत्येक डाग कॅन्सरकडे जातो असे नाही, आणि तंबाखू सुटला तर कित्येक डाग ओसरतात. पण डागात लाल ठिपके दिसू लागले, कड टणक लागली किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तुकडा काढून तपासणे हाच मार्ग आहे. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे.

सुपारीचे वेगळे सांगावे लागते, कारण ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवले. तंबाखू नसला तरी सुपारीने गालांची आतली कातडी ताठर होत जाते. आधी तिखट सोसत नाही, मग शिटी वाजवता येत नाही, मग तोंड उघडेनासे होते. घरच्या घरी तपासायची सोपी पद्धत आहे : स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायची. तीन जात असतील तर ठीक. दोनच जात असतील तर दंतवैद्य गाठायचा, आणि सुपारी त्याच दिवशी थांबवायची, कारण ताठरलेली कातडी पूर्वीसारखी मऊ होणे अवघड असते. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. तरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गुटख्याचे ट्रक पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात, आणि तो महामार्ग याच जिल्ह्यातून तलासरीमार्गे गुजरातेत उतरतो.

नुसते तोंड पाहिल्याने जीव वाचतो का? याचे उत्तर केरळने दिले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या तेरा पंचायतींत १९९६ पासून एक मोठी चाचणी झाली. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडे तपासत होते. २००५ साली आलेल्या निष्कर्षांत, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. विजेरी, लाकडी पट्टी आणि बघायला शिकवलेला माणूस, एवढेच साहित्य. या अभ्यासाची दखल घेऊनच पुढे ग्रामीण आरोग्यसेवेत तिशीपुढच्या लोकांची तोंडाची तपासणी आली. आशाताईंच्या प्रश्नावलीत तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात न भरणारी जखम किंवा डाग आहे का, हे प्रश्न आहेत. अडचण अशी की आशाताई दुपारी दारात येते तेव्हा एमआयडीसीतला माणूस कामावर असतो किंवा नाईट करून झोपलेला. ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे तोच यादीतून निसटतो.

कारखान्याचाही दातांवर थेट परिणाम होतो, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. लोखंडाचा गंज काढायला आम्लाच्या टाक्यांत बुडवणे, जस्ताचा मुलामा देणे, बॅटऱ्या भरणे, विद्युत-मुलामा अशा कामांत आम्लाची वाफ उठते. अवजड काम करताना माणूस तोंडाने श्वास घेतो, आणि ती वाफ थेट पुढच्या दातांवर बसते. ब्रिटनमधल्या कामगारांत ही झीज १९६० च्या दशकातच सविस्तर नोंदवली गेली होती. वरच्या-खालच्या पटाशीच्या दातांच्या कडा पातळ होतात, काचेसारख्या दिसू लागतात, मग तुटतात. हे किडणे नव्हे, दाताचे वरचे कवच विरघळणे आहे, आणि ते परत येत नाही. इथे ब्रश-पेस्टने काम भागत नाही. टाकीवर झाकण, वाफ ओढून घेणारे पंखे आणि योग्य मास्क ही मालकाची जबाबदारी आहे. कामगाराने करायचे ते एवढेच की शिफ्ट संपल्यावर आधी साध्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात आणि अर्धा-पाऊण तास ब्रश लावू नये. आम्लाने मऊ झालेले कवच लगेच घासले तर आणखी खरवडले जाते. ज्यांना पित्ताच्या आंबट ढेकरा येतात किंवा वरचेवर उलट्या होतात, त्यांनाही हेच लागू.

शिफ्टचा दुसरा परिणाम चहाचा. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात दाखवून दिले की साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थरात आम्ल तयार होते आणि ते निवळायला अर्धा-एक तास जातो. म्हणून दिवसात साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे दातांना जास्त भोवते. रात्रपाळीत दर दीड तासाने गोड कटिंग आणि सोबत बिस्किट घेणाऱ्याचे दात रात्रभर आम्लात भिजत राहतात. सकाळी तो थकून तसाच झोपतो. झोपेत लाळ आटते, आणि आम्ल धुऊन काढणारी ती एकच गोष्ट असते. रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करा, हा सल्ला पाळी करणाऱ्याला जसाच्या तसा देऊन चालत नाही. त्याने सकाळी आठला झोपायच्या आधी ब्रश करायचा. त्याची रात्र तीच.

घरी काय करायचे यावर वाद घालण्यासारखे फार थोडे आहे. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, दोन मिनिटे; ब्रशचे केस हिरडी आणि दात यांच्या सांध्याकडे तिरके धरून हलक्या हाताने. जोरात आडवे घासणाऱ्यांच्या दातांना मानेशी खाचा पडतात. पेस्ट फ्लोराइडची असावी. आपल्याकडे तिच्यात १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइड घालायला परवानगी आहे, वेष्टनावर आकडा छापलेला असतो. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘हर्बल’ लिहिलेल्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसते, म्हणून नाव न बघता घटक वाचावेत. घासून झाल्यावर थुंकावे, पण लगेच भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, कारण त्याने फ्लोराइडही निघून जाते. दातांमधल्या फटीत ब्रश जात नाही. तिथे धागा किंवा फटीचा छोटा ब्रश वापरावा. टाचणी, सेफ्टीपिन आणि काडेपेटीची काडी यांनी हिरडीला जखमच होते.

दातवणाबद्दल उगाच तुच्छता नको. करंज, बाभूळ, कडुनिंबाची काडी नीट चावून तिचा कुंचला केला आणि प्रत्येक दातावर फिरवला तर थर निघतो. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांचे दात पाहिले की ते पटते. काडीत फ्लोराइड नसते आणि आतल्या बाजूला ती पोचत नाही, या तिच्या मर्यादा. राखुंडी, विटेची पूड, कोळसा, मीठ आणि काही लाल मंजने मात्र दात खरवडतात. दात पांढरे होतात असे वाटते, पण प्रत्यक्षात कवच पातळ होऊन आतला पिवळा थर वर येऊ लागतो.

चाळिशीनंतर दातांचा प्रश्न उरलेल्या शरीराशी जोडला जातो. मधुमेह आणि हिरड्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना बिघडवतात. साखर वाढलेली असली की हिरड्यांची सूज उतरत नाही, आणि हिरड्यांत जुना पू असला की साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ने उतरते, असे अनेक चाचण्यांचे एकत्र विश्लेषण सांगते. गोळ्या चालू असूनही साखर हटत नाही अशा माणसाने दंतवैद्याला तोंड दाखवून घ्यावे. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि फिट्सची फेनिटॉइन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेल्या औषधांबद्दल दाढ काढण्यापूर्वी सांगायलाच हवे. गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येते. त्यावर उपचार करता येतात आणि मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे असतात. ‘आता पोटात बाळ आहे, दाताला हात लावायचा नाही’ म्हणून नऊ महिने पू सोसणारी बाई विनाकारण सोसत असते.

एका गोष्टीला मात्र थांबायला जागाच नाही. जबड्याखाली, मानेकडे सूज उतरू लागली, ताप आला, गिळता येईना किंवा जीभ वर उचलल्यासारखी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. खालच्या दाढेचा पू मानेत उतरून श्वास कोंडतो, आणि त्याने धडधाकट तरुण माणसेही दगावतात.

जायचे कुठे, हा प्रश्न पालघरमध्ये जागेप्रमाणे बदलतो. बोईसर, पालघर, डहाणू ही स्टेशने लोकलला जोडली गेली ती २०१३ साली, विरार-डहाणू सेवा सुरू झाल्यावर. स्टेशनालगत खासगी दंतवैद्य पुरेसे आहेत. खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलला उतरून पायी गाठता येईल असे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. महापालिकेच्या या जुन्या संस्थेत हिरड्यांच्या शस्त्रक्रियेपासून कवळीपर्यंत सगळे कमी पैशांत होते. सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालयही आहे. पण बोईसरहून जाऊन-येऊन आणि रांगेत मिळून पूर्ण दिवस जातो, आणि रूट कॅनलला असे दोन-तीन दिवस लागतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयचे कार्ड असते आणि त्यात दातांचे उपचारही येतात, हे ठेकेदारीतल्या पुष्कळांना ठाऊकच नसते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून तोंडाच्या कॅन्सरसारखे मोठे उपचार होतात, नेहमीचे सिमेंट भरणे किंवा कॅप त्यात बसत नाही. म्हणजे मोठे झाल्यावर सरकार मदतीला येते आणि छोटे असताना खर्च खिशातून. हे उलट असायला हवे.

जव्हार-मोखाड्याला लोकल नाही. तिथे उपजिल्हा रुग्णालय गाठायलाच एसटीचा दिवस मोडतो. अशा ठिकाणी खुर्ची, ड्रिल आणि वीज नसतानाही करता येणारे उपचार आहेत. हातातल्या अवजाराने किडलेला भाग खरवडून काचेसारखे घट्ट होणारे सिमेंट भरायची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. कीड जागीच थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचे थेंब लावता येतात. दात तिथे काळा पडतो, पण वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे दोन्ही पदार्थ आणि फ्लोराइड पेस्ट आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. महाराष्ट्राने २०२३ साली ‘स्वच्छ मुख अभियान’ सुरू केले आणि सचिन तेंडुलकर त्याचा सदिच्छादूत झाला. आता फिरत्या पथकाच्या पेटीत हे सिमेंट आणि थेंब घालून ती पेटी पाड्यापर्यंत नियमित न्यायला हवी. एका शिबिरात तपासून चिठ्ठी देणे आणि मग रुग्णाला शंभर रुपयांच्या एसटी तिकिटावर सोडून देणे, याने कोणाचाच दात वाचत नाही.

तारापूरच्या बाबतीत तर साधन आधीच हाताशी आहे. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात घातलेल्या तरतुदीनुसार धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले. नव्या श्रमसंहितांतही ठरावीक वयावरील कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. त्या दिवशी रक्तदाब, छाती, डोळे, कान तपासताना तोंड उघडायला लावून विजेरीने पाहायला दोन-तीन मिनिटे पुरतात : तंबाखूची जागा, गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, तीन बोटांचे माप, पुढच्या दातांची झीज, हलणारा दात. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्याला १८०० ११२ ३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक तिथेच लिहून देता येतो. डाग सापडलेल्या कामगाराला नायरला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी कारखान्याच्या डॉक्टरने द्यावी, आणि त्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही अशी लेखी हमी व्यवस्थापनाने द्यावी. ठेकेदाराच्या माणसालाही तीच हमी हवी, कारण टाकीजवळ उभा असतो तो बहुतेक वेळा तोच.